ज्ञान कोणाचे आणि मोबदला कशाचा?

गेल्या पावसाळ्यात बडोद्यास जाण्याचा योग आला असता तेथील मंडळीतील एका तरुण भगिनीने आम्हांला एक प्रश्न विचारला. तिने औषधशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आहे. एका विद्यापीठात ती कंत्राटी अध्यापिका म्हणून काम करते. आई शब्बाथशाळेत शिकवते, वडील सेवानिवृत्त आहेत आणि धाकट्या भावाचे शिक्षण अजून व्हावयाचे आहे. रविवारची उपासना आटोपल्यावर चहा घेता घेता ती म्हणाली, "काका, मला एका संस्थेचे पत्र आले आहे. त्यांचे एक मोठे ग्राहक आहेत. कोणती कंपनी, ते सांगत नाहीत. मी ज्या विषयावर संशोधन करते त्यावर त्यांना माझ्याशी एक तास फोनवर बोलायचे आहे. त्या एका तासाचे मानधन माझ्या दहा दिवसांच्या पगाराएवढे आहे. मी चोरी करीत नाही, लाच घेत नाही. मला जे येते ते सांगायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. मग माझे मन का कचरते?"

आम्ही तिला तेव्हा उत्तर दिले नाही, कारण ते आमच्याजवळ नव्हते. परत आल्यावर या विषयावर जे वाचले आणि जो विचार केला तो वाचकांपुढे ठेवीत आहोत. प्रश्न केवळ त्या भगिनीचा नाही. हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव अशा ठिकाणच्या आपल्या मंडळ्यांतील मुलेमुली आज प्रयोगशाळांत, रुग्णालयांत व महाविद्यालयांत काम करीत आहेत. त्यांच्याही दाराशी असा निरोप आज ना उद्या येईल.

प्रथम हा व्यवहार काय आहे ते समजून घेऊ. मोठ्या कंपन्यांना, बँकांना आणि शेअरबाजारात पैसा गुंतवणाऱ्या पेढ्यांना तज्ज्ञांच्या सल्ल्याची सतत गरज असते. एखादे नवे औषध चालेल की नाही, एखादा कायदा बदलला तर व्यापारावर काय परिणाम होईल, हे विद्यापीठातल्या माणसाला ठाऊक असते. परंतु कंपनीला तो माणूस ठाऊक नसतो आणि त्या माणसाला कंपनी ठाऊक नसते. या दोघांची गाठ घालून देणाऱ्या मध्यस्थ संस्था १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत वाढल्या व आता जगभर पसरल्या आहेत. हजारो तज्ज्ञांची नावे त्यांच्या वहीत असतात. ग्राहकाने विषय सांगितला की संस्था योग्य माणूस हुडकते, वेळ ठरवते, तज्ज्ञाला तासाप्रमाणे मानधन देते आणि ग्राहकाकडून त्याहून अधिक रक्कम घेते. मधला फरक ही तिची कमाई.

आपल्यापैकी ज्यांनी बाजार समितीच्या आवारात धान्य विकले आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. तेथे शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये अडत्या उभा असतो. त्याला शिव्या देण्याची आपल्याला सवय आहे, पण अडत्या नसेल त्या दिवशी माल घेऊन कोणाकडे जावे हे कळत नाही, हेही तितकेच खरे. मध्यस्थ असणे हे पाप नव्हे. दोन अनोळखी माणसांची गाठ घालून देणे ही सेवा आहे आणि सेवेचा मोबदला घेण्यात काही गैर नाही.

विद्वानाने उद्योगाला सल्ला देऊ नये असेही आम्ही म्हणणार नाही. मुंबईत १९३३ साली विद्यापीठाचा रसायन तंत्रशास्त्राचा विभाग निघाला. पुढे यूडीसीटी या नावाने तो प्रसिद्ध झाला. तेथील प्राध्यापकांनी कारखान्यांना सल्ला देण्याची परंपरा घातली आणि पश्चिम भारतातील रंग, औषधे व रसायने यांच्या धंद्यांना तिचा आधार झाला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली उघडली, तीही उद्योगांसाठी संशोधन करीत आली आहे. या कामांतून कित्येक घरांच्या चुली पेटल्या. ज्ञान कुलुपात ठेवणे म्हणजे पावित्र्य, असे समजणारा माणूस त्या दाखल्यातील चाकरासारखा आहे, ज्याने धन्याचा पैसा जमिनीत पुरून ठेवला आणि वर आपण प्रामाणिक आहोत असे सांगितले.

मग त्या भगिनीचे मन कचरत होते ते उगाचच का? आमच्या मते तसे नाही. कारण दाखविण्यासाठी एक खरी घडलेली हकीकत सांगतो. ती अमेरिकेतील न्यायालयात शपथेवर सांगितली गेली आहे.

स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर या विकारावर दोन कंपन्या मिळून एक औषध तयार करीत होत्या. एक आयर्लंडची एलान व दुसरी अमेरिकेची वायथ. दोनशेहून अधिक रुग्णांवर त्याची चाचणी चालू होती. चाचणीत रुग्णांना अपाय होत नाही ना हे पाहण्यासाठी एक देखरेख समिती असते. तिचे अध्यक्ष होते मिशिगन विद्यापीठातील विख्यात मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. सिडनी गिलमन. एका मध्यस्थ संस्थेच्या वहीत त्यांचेही नाव होते. त्या संस्थेमार्फत मॅथ्यू मार्टोमा नावाचा एक तरुण त्यांच्याकडे आला. हा केरळातून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबात वाढलेला, हुशार, आणि एसएसी कॅपिटल नावाच्या बड्या गुंतवणूक पेढीत कामाला होता. तासाला सुमारे एक हजार डॉलर या दराने दोघांचे बोलणे सुरू झाले. २००६ ते २००८ या काळात अशी सुमारे चाळीस बोलणी झाली.

प्रारंभी बोलणे आजाराविषयी सर्वसाधारण स्वरूपाचे होते. हळूहळू प्रश्न चाचणीकडे वळले. मानधन मिळत होतेच, पण केवळ पैशाने हे घडले असे दिसत नाही. पुढे साक्ष देताना डॉक्टरांनी सांगितले की या तरुणाची जिज्ञासा व बुद्धी पाहून त्यांना आपल्या वारलेल्या थोरल्या मुलाची आठवण होत असे. वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. मोह नेहमी नोटांच्या पुडक्याच्या रूपाने येतो असे आपण मुलांना शिकवतो. पण एका वृद्ध विद्वानाकडे तो आस्थेने ऐकणाऱ्या विद्यार्थ्याच्या रूपाने आला.

जुलै २००८ मध्ये चाचणीचे निष्कर्ष डॉक्टरांच्या हाती आले. २९ जुलैला शिकागोच्या परिषदेत ते जगापुढे मांडावयाचे होते. त्याआधीच ते या तरुणाला कळले. तो विमानाने डॉक्टरांच्या गावी जाऊन त्यांना भेटलाही. निष्कर्ष उत्साहजनक नव्हते. पेढीने दोन्ही कंपन्यांचे आपल्याजवळील शेअर्स गुपचूप विकले आणि भाव पडणार या हिशेबाने उलटे सौदेही केले. निष्कर्ष जाहीर झाल्यावर एलानच्या शेअरचा भाव चाळीस टक्क्यांहून अधिक कोसळला. पेढीचा फायदा आणि टळलेला तोटा मिळून सुमारे साडेसत्तावीस कोटी डॉलर झाले. २०१३ साली पेढीने न्यायालयात गुन्हा कबूल केला व एकूण एकशे ऐंशी कोटी डॉलरचा भुर्दंड सोसला. मार्टोमाला २०१४ साली नऊ वर्षांची शिक्षा झाली. डॉक्टरांनी सरकारला सत्य सांगितले, म्हणून त्यांच्यावर खटला झाला नाही. पण आयुष्यभर ज्या विद्यापीठात मानाने वावरले तेथून त्यांना जावे लागले.

या हकीकतीत विकले गेले काय? ज्ञान, असे कोणी म्हणेल. आम्हांला ते उत्तर पुरेसे वाटत नाही. विद्वानाजवळ तीन प्रकारची शिदोरी असते. पहिली, जे छापून प्रसिद्ध झाले आहे ते. ते सर्वांचे आहे, आणि ते समजावून देण्यासाठी कोणी वेळ मागितला तर त्या वेळाचा मोबदला घेण्यास हरकत नाही. दुसरी, वर्षानुवर्षांच्या श्रमाने आलेली जाण. ती त्याच्या हातात व नजरेत असते, जशी सुताराची कसबी असते. तीही त्याचीच आहे. तिसरी मात्र निराळी. ती आहे विश्वासाने सोपविलेली ठेव. रुग्णाने आपली नाडी हातात दिली म्हणून जे कळले, सहकाऱ्याने भरवशाने दाखविले म्हणून जे दिसले, विद्यार्थ्याच्या अपुऱ्या प्रबंधात जे वाचले, ते त्याच्या डोक्यात असले तरी त्याचे नव्हे. बँकेच्या खजिनदाराच्या खिशात किल्ली असते, म्हणून तिजोरी त्याची होत नाही.

त्या दोनशेहून अधिक रुग्णांचा विचार करा. त्यांपैकी कित्येकांना आपल्या मुलांची नावे आठवत नसतील. त्यांच्या घरच्यांनी त्यांना चाचणीत घातले ते आशेने, आणि पुढच्या पिढीतल्या कोणाला तरी उपयोग होईल म्हणून. त्यांच्या दुखण्यातून जे कळले ते अगोदर एका सौदागराच्या कानी गेले. पैसा गेला तो शेअरबाजारातल्या अनोळखी लोकांचा, पण फसवणूक त्या रुग्णांचीही झाली, असे आम्हांला वाटते.

आता मध्यस्थाकडे वळू. त्या मध्यस्थ संस्थेचे नियम गुप्त माहिती देण्यास मनाई करीत होते. अशा संस्था तज्ज्ञांकडून तसे लिहूनही घेतात. मग मध्यस्थाचा दोष काय? कायद्याच्या नजरेने पाहिले तर कदाचित काहीच नाही. परंतु नीतीचा विचार कायद्याच्या विचाराच्या पुढे जातो. आमच्या मते मध्यस्थाने केलेली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्याने पहिली पायरी स्वच्छ करून दिली. कोणी अनोळखी सौदागर थेट डॉक्टरांच्या दारात पाकीट घेऊन उभा राहिला असता तर त्यांनी त्याला हाकलून दिले असते. पण मधे एक प्रतिष्ठित संस्था होती, छापील अर्ज होता, तासांचा हिशेब होता. त्यामुळे हा व्यवहार व्याख्यानासारखा वाटू लागला. पायरी स्वच्छ दिसली की जिना कोठे उतरतो आहे याची चौकशी माणूस करीत नाही.

शिवाय मधे माणसे वाढली की जबाबदारी पातळ होते. ग्राहक म्हणतो, मी नियमाने चालणाऱ्या संस्थेकडून सल्ला घेतला. संस्था म्हणते, मी फक्त भेट घालून दिली. तज्ज्ञ म्हणतो, मी फक्त प्रश्नाचे उत्तर दिले. प्रत्येकाचे बोलणे अर्धे खरे असते, आणि चूक कोणाच्याच दारात राहत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, जो गाठ घालून देण्याची दलाली घेतो त्याने त्या गाठीच्या ओझ्याचाही वाटा उचलला पाहिजे. नियम लिहून ठेवणे म्हणजे राखण करणे नव्हे. कुंपणावर पाटी लावून राखणदार झोपला तर जनावरे पाटी वाचत नाहीत.

यावर कोणी विचारील, की ही तर चोरीची गोष्ट झाली. ज्याने गुपित विकले नाही, केवळ आपले प्रामाणिक मत सांगितले, त्याचे काय? हा प्रश्न अधिक अवघड आहे.

अमेरिकेत तंबाखूच्या कंपन्यांनी ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत एक निवेदन छापून आणले. धूम्रपान व कर्करोग यांच्या संबंधाविषयी लोकांत भीती पसरली होती. कंपन्यांनी आश्वासन दिले की आम्ही संशोधनाला पैसा देऊ. त्यासाठी एक संशोधन समिती स्थापन झाली. तिची कल्पना एका जाहिरात-सल्लागार पेढीच्या मदतीने आखलेली होती, पण शास्त्रीय संचालक म्हणून नामांकित शास्त्रज्ञ नेमला गेला. कंपन्या आणि विद्यापीठे यांच्यामध्ये ही समिती उभी राहिली. तिने पैसा दिलेल्या संशोधकांपैकी पुष्कळांनी खरोखर चांगले काम केले. तथापि कंपन्या चाळीस वर्षे एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत सांगत राहिल्या, की अजून संशोधन व्हावयास हवे. २००६ साली अमेरिकेच्या एका संघीय न्यायाधीशांनी निकाल दिला की कंपन्यांनी जनतेची दीर्घकाळ फसवणूक केली.

दुसरे उदाहरण साखरेचे. कोल्हापूर-बेळगाव भागातील वाचकांना उसाचे महत्त्व सांगावयास नको, म्हणून हे विशेष ध्यानात घ्यावे. १९६७ साली एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्ड विद्यापीठातील आहारतज्ज्ञांचा आढावा-लेख दोन भागांत प्रसिद्ध झाला. हृदयविकाराच्या बाबतीत त्यात चरबीकडे बोट दाखविले होते व साखरेवरील संशय सौम्य केला होता. साखर उद्योगाच्या संशोधन प्रतिष्ठानाने या कामासाठी ६,५०० डॉलर दिले होते, पण लेखात त्याचा उल्लेख नव्हता. तेव्हा असा उल्लेख करण्याचा नियम नव्हता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. त्या नियतकालिकाने तो नियम १९८४ साली केला. सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी जुना पत्रव्यवहार शोधून २०१६ साली हे उजेडात आणले, तेव्हा पन्नास वर्षे होत आली होती.

या विद्वानांनी आपले मत विकले, असे म्हणणे सोपे आहे. कदाचित ते खरे नसेलही. चरबीविषयी त्यांचे मत आधीपासूनच तसे असू शकेल. पण येथेच या व्यवहाराचे खरे मर्म आहे. मोठ्या ग्राहकाला कोणाचे मत बदलावे लागत नाही. त्याला फक्त निवड करावी लागते. दहा प्राध्यापकांपैकी ज्याचे मत सोयीचे आहे त्याला शोधून काढावे, त्याला साधने द्यावीत, त्याचा आवाज दूरवर पोहोचवावा. बाकीचे नऊ आपापल्या खोलीत बोलत राहतात, ते कोणाला ऐकू येत नाही. दहाहीजण प्रामाणिक असतात, आणि तरी जगाला जे ऐकू येते ते खोटे असते. तराजूच्या पारड्यात कोणी खोटे वजन टाकलेले नसते. फक्त काही खरी वजने बाजूला ठेवलेली असतात. ही निवड करून देणे हेच मध्यस्थाचे कसब असते.

अर्थशास्त्राच्या क्षेत्रात तर याचे मोठे धंदे झाले आहेत. शिकागो विद्यापीठातील अध्यापकांच्या पुढाकाराने १९७७ साली लेक्सेकॉन नावाची सल्लागार संस्था निघाली. नंतर तशा अनेक निघाल्या. दोन बड्या कंपन्या एक होऊ पाहतात तेव्हा न्यायालयात प्राध्यापक साक्ष देतात, आणि त्यांच्या मागे अशा संस्थांचे कामगार आकडेमोड करीत असतात. २०१८ साली एटी अँड टी व टाइम वॉर्नर यांच्या खटल्यात सरकारच्या बाजूने एक नामवंत प्राध्यापक उभे होते आणि कंपनीच्या बाजूने दुसरे नामवंत प्राध्यापक. निकाल कंपनीच्या बाजूने लागला. यात कोणी लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. न्यायालयात दोन्ही बाजू मांडल्या जातात आणि उलटतपासणी होते, त्यामुळे तेथे निदान दुसरे पारडे समोर असते. पण बंद खोलीतल्या सल्ल्याला, किंवा नियतकालिकातल्या लेखाला, उलटतपासणी कोठली?

आपल्याला येथे बलामाची आठवण येते. गणनाच्या बाविसाव्या अध्यायात मवाबाचा राजा बालाक त्याला बोलावतो. राजा स्वतः जात नाही, वडीलमंडळींना पाठवतो, आणि त्यांच्या हाती विद्येचे मानधन असते. पहिल्यांदा नकार आला तेव्हा त्याने अधिक प्रतिष्ठित मंडळी पाठविली. आणि बलामाच्या तोंडून हवे ते शब्द निघेनात तेव्हा राजाने काय केले? त्याने त्याला एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर नेले, तेथून तिसऱ्या. येथून नसेल तर तेथून तरी सोयीचे दिसेल, ही त्याची आशा. आजचे ग्राहकही एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे असेच जातात.

शब्बाथशाळेत आपण ही गोष्ट गाढवीपर्यंत सांगतो व थांबतो. मुलांना ती आवडते. पण शिक्षकांनी तिचा शेवटही वाचावा. टेकडीवर, सर्वांसमक्ष, बलाम खरे तेच बोलला. त्याचे एकही जाहीर वाक्य विकत घेता आले नाही. तरी एकतिसाव्या अध्यायात त्याच्यावर ठपका आहे, तो त्याने दिलेल्या सल्ल्याचा. व्यासपीठावरचे भाषण निष्कलंक होते आणि सल्ला मात्र घातक. आमच्या मते विद्वानाची परीक्षा तो परिषदेत काय बोलतो यावर संपत नाही. दार लोटल्यावर तो काय बोलतो, तेथे ती सुरू होते.

उपाय काय? सर्व उघड करा, असे अनेकजण सांगतात. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर अर्थशास्त्रज्ञांवर टीका झाली, तेव्हा त्यांच्या अमेरिकन संघटनेने २०१२ साली नियम केला की तिच्या नियतकालिकांत लिहिणाऱ्याने, विषयाशी हितसंबंध असलेल्या कोणाकडून मागील तीन वर्षांत दहा हजार डॉलर वा अधिक मिळाले असल्यास तसे सांगावे. आपल्याकडेही सेबीने २०१५ साली शेअरबाजारातील आतल्या माहितीच्या व्यवहाराविषयी नवे नियम केले. हे सर्व योग्यच आहे. पण उघड करणे हा दिवा आहे, औषध नव्हे. दिव्याने खड्डा दिसतो, बुजत नाही. आणि काही माणसे अशीही असतात की एकदा सांगून टाकले म्हणजे आता मोकळे झालो असे समजतात.

आणखी एक आक्षेप आहे व तो आम्हांला अधिक बोचतो. ज्याचा पगार भरपूर आहे त्याला नीतीच्या गोष्टी परवडतात. कंत्राटावर राबणाऱ्या, सहा सहा महिने नेमणुकीची वाट पाहणाऱ्या तरुण संशोधकाला तुम्ही संकोच शिकवता? हा आक्षेप खरा आहे. जी विद्यापीठे आपल्या अध्यापकांना पोटापुरते देत नाहीत त्यांनी त्यांच्यावर नीतीची सर्व जबाबदारी टाकणे हा अन्याय आहे. म्हणून आम्ही पुन्हा सांगतो, मोबदला घेणे हे पाप नाही. प्रश्न मोबदला कशाचा, हा आहे.

शेवटी एक गोष्ट जी आम्हांला सर्वांत अधिक सलते. मोठ्या ग्राहकाचा प्रश्न विद्यापीठापर्यंत नेण्यास आज शेकडो मध्यस्थ तयार आहेत. गरिबाचा प्रश्न कोण नेतो? कपाशीवर कीड पडलेला शेतकरी, कारखान्याच्या धुराने खोकणारी बाई, यांनी कोणाला फोन करावा? असे मध्यस्थ नाहीत असे नाही. खेड्यात जाणारा कृषी विस्तार अधिकारी हा विद्यापीठ आणि शेतकरी यांच्यामधला मध्यस्थच आहे. आणि आपल्या लोकांना जामखेड ठाऊक आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम सुरू केले. गावोगावच्या फारसे न शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. बाळंतपण, अतिसार, मुलांचे वजन यांविषयीचे डॉक्टरांचे ज्ञान या बायकांनी झोपडीपर्यंत नेले, आणि झोपडीतले दुखणे डॉक्टरांपर्यंत आणले. त्याही मध्यस्थच होत्या. फरक एवढाच की त्यांच्यामुळे ज्ञान उताराच्या दिशेने वाहिले, जेथे पाणी कमी होते तेथे. मध्यस्थ असावा की नसावा, हा वाद आम्ही घालीत नाही. तो कोणासाठी दारे उघडतो आणि कोणासाठी ती बंदच राहतात, हे पाहावे.

आता त्या भगिनीकडे परत येतो. आम्ही तिला पत्र लिहिले व तीन प्रश्न पाठविले. पहिला, जे सांगणार ते तुझे आहे की तुझ्याजवळ ठेवलेले आहे? दुसरा, तेच बोलणे तू दार उघडे ठेवून, तुझ्या विभागप्रमुखांच्या व विद्यार्थ्यांच्या देखत बोलशील का? तिसरा, ग्राहकाला नको असलेले उत्तर द्यावे लागले तर तू ते त्याच मानधनात, त्याच आवाजात देशील का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर निःशंक मनाने बोलावे, मानधन घ्यावे आणि देवाचे आभार मानावेत. एकाचेही उत्तर अडखळले तर थांबावे.

दिवाळीच्या सुमारास तिचे उत्तर आले. तिने मध्यस्थ संस्थेला कळविले होते की मी माझ्या छापून आलेल्या निबंधांवर बोलेन, चालू चाचण्यांवर बोलणार नाही, आणि या बोलण्याची कल्पना माझ्या विभागप्रमुखांना देईन. त्यानंतर तिकडून पुन्हा निरोप आला नाही. पत्राच्या शेवटी तिने लिहिले होते, "काका, पैसे मिळाले असते तर भावाची फी भरली गेली असती, हे मी लपवीत नाही. पण ते गप्प बसले त्यावरून त्यांना माझ्याकडून काय हवे होते ते मला कळले."

फीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तेथील मंडळीने त्यासाठी काही करता येईल का याचा विचार चालविला आहे. आम्हांला वाटते, हाही या निबंधाचाच भाग आहे. जी मंडळी आपल्या तरुणांना ठेव राखावयास शिकवते, तिने ती राखताना त्यांना एकटे सोडू नये.